हिरव्या पुड्याची मुदत

४ ऑगस्ट, रविवार

आज जेवताना मावशीने जाहीर केलं की तिला संगणक हवा आहे. माझ्या घशात माशाचा गोळा अडकला. मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची. कीलुंग बंदराच्या मासळीबाजारात तिने जन्मभर माशाचे गोळे वळले. आजवर तिने चालवलेलं सर्वांत अवघड यंत्र म्हणजे भाताचा कुकर.

"कशाला हवाय?" मी विचारलं.

"चिन-हुआबरोबर खेळायला."

चिन-हुआ म्हणजे माजाँगच्या टेबलावरची चौथी. मावशी, लियाओ काकू, टोफूवाल्या काकू आणि चिन-हुआ, अशा चौघी दर शुक्रवारी आमच्या माडीवर सोंगट्या खडखडवत बसायच्या. एकदा टोफूवाल्या काकूंच्या वजनाने प्लास्टिकचं स्टूल असं फुटलं की खालच्या नूडलवाल्याचं गिऱ्हाईक पळून गेलं. मग गेल्या हिवाळ्यात चिन-हुआला तिचा मुलगा व्हँकुवरला घेऊन गेला. तिघींना खेळता येत नाही, आणि मावशी त्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. औषधवाल्याची बायको एकदा बसली होती. मावशीने तिला चहासुद्धा विचारला नाही.

आता त्या मुलाचा निरोप आलाय. आईला विसर पडायला लागलाय, नातवाला ती आपल्या वारलेल्या भावाच्या नावाने हाक मारते, नववर्षापर्यंत तुम्हा मैत्रिणींना ओळखेल की नाही सांगता येत नाही. मावशीने तो माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतला.

"चिन-हुआचं डोकं बिघडायचं नाही," ती म्हणाली. "खेळायला मिळत नाही म्हणून गंजलंय. चंद्राच्या सणाला टेबल मांडायचं, तिला फोनवर कबूल केलंय मी."

चंद्राचा सण तेरा सप्टेंबरला आहे. फोनवर खेळ म्हटलं, तर तिने माझ्या नाकासमोर दहाही बोटं नाचवली. गोळे वळून वळून बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालीत की फोनचा पडदा त्यांना दाद देत नाही. सरकारी कचेरीतल्या ठसे घेण्याच्या यंत्रानेही हात टेकले होते. शिवाय एका डोळ्यात मोतीबिंदू. म्हणजे मोठा पडदा हवा, माउस हवा.

मी म्हटलं, तयार कशाला घ्यायचा? मी जोडतो, निम्म्यात होईल. तैपेईच्या नेहू भागातल्या कंपनीत अख्खी सर्व्हरची खोली सांभाळणाऱ्या माणसाला हे म्हणजे बुटाची नाडी बांधण्यासारखं. बोलताना माझी छाती जरा फुगली होती. लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही.

१० ऑगस्ट, शनिवार

तैपेईच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. मावशीला नेणं ही घोडचूक झाली.

दुकानदार शेन जुने भाग स्वच्छ करून विकतो. माणूस सरळ आहे. त्याने मदरबोर्ड पुढे ठेवला, तर मावशीने तो उचलून आधी वास घेतला.

"कधीचा आहे हा?"

"दोन वर्षांपूर्वीचा, काकू."

"इतके दिवस बर्फात होता का?"

शेन माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्यांचा भाव विचारत असल्याचं नाटक केलं. मावशीने प्रत्येक वस्तू दाबून पाहिली, दोनदा निघून गेल्यासारखं करून परत आली, आणि शेवटी म्हणाली, "एवढं घेतलं की मासळीवाला कांद्याची पात फुकट घालतो. तुम्ही काय घालता?"

शेनने माउस फुकट घातला. मग स्वतःहून तारही घातली, बहुधा आम्ही लवकर जावं म्हणून.

पेटी मात्र मी निवडली. छोटी, पांढरी, सुबक. डोक्यावर जाळी आणि जाळीखाली एकच पंखा, बाकी सगळीकडून बंद. दुकानातली सगळ्यांत स्वस्त. मावशीलाही आवडली, कारण तिला ती भाताच्या डब्यासारखी दिसली.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सगळं जोडून झालंय. चालू करायची परवानगी नाही.

चांद्र पंचांगातला सातवा महिना चालू आहे, म्हणजे भुतांचा. काल गल्लीतल्या सगळ्यांनी दारापुढे टेबलं मांडून खालच्या जगातून सुट्टीवर आलेल्या मंडळींना जेवायला वाढलं. आमच्या टेबलावर अख्खं बदक होतं. ते मला संध्याकाळपर्यंत मिळालं नाही, कारण त्यांचं जेवण उरकायचं होतं.

"या महिन्यात नवीन काही सुरू करायचं नाही," मावशी म्हणाली.

"नवीन कुठाय? सगळं वापरलेलंच आहे."

"म्हणजे आणखी वाईट. ज्याचं होतं तोच या महिन्यात मागायला आला तर?"

"मावशी, भुतं काय मदरबोर्ड मागायला—"

"नाव घेऊ नको मेल्या त्यांचं! भाऊमंडळी म्हण." मग आपणच 'मेल्या' म्हटलं हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तीनदा लाकडी टेबलावर हात आपटला.

दुपारी ती देवळात गेली तेव्हा मी गुपचूप चाचणी घ्यायचं ठरवलं. विजेची तार सापडेना. सगळं घर पालथं घातलं. संध्याकाळी मावशी परतली, पिशवीतून आधी उदबत्त्या काढल्या, मग तार काढली.

शिकलेल्या माणसाने या अंधश्रद्धेपुढे किती दिवस मान तुकवायची?

३० ऑगस्ट, शुक्रवार

काल सातवा महिना संपला, भाऊमंडळींचं दार बंद झालं. आज उद्घाटन.

मावशीने देवळातून पिवळा मंतरलेला कागद आणला होता. मी तिला नीट समजावलं की यंत्रावर कागद चिकटवणं धोक्याचं असतं, हवा कोंडते. बराच वाद झाला. अखेर तो टेबलाच्या पायाला चिकटवायचं ठरलं.

मग मी माझा हिरवा पुडा काढला आणि पेटीच्या डोक्यावर, बरोबर मधोमध ठेवला.

मावशीचे डोळे विस्फारले. "हे काय? मुलांचे कुरकुरे?"

"नारळाच्या चवीचे आहेत. हिरवाच पुडा लागतो. हिरवा म्हणजे सगळं सुरळीत. आमच्या खोलीत प्रत्येक यंत्रावर आहे. यावर काय लिहिलंय बघ, 'शहाण्यासारखं वाग'. तो असला की यंत्र शहाण्यासारखं वागतं."

"आणि माझा कागद म्हणजे अंधश्रद्धा?"

"हो. ही कामाची पद्धत आहे."

तिला नियमही सांगितले. पिवळा किंवा लाल चालत नाही. गेल्या वर्षी नव्या पोराने पिवळा ठेवला आणि रविवारी सगळ्यांना कामावर यावं लागलं. पुडा खायचा नाही. आणि मुदत संपलेला तर मुळीच ठेवायचा नाही, त्याने यंत्र उलट बिथरतं.

"तेवढं ताजं मला कधी खाऊ घातलं नाहीस," मावशी म्हणाली.

यंत्र पहिल्या झटक्यात चालू झालं. मला भरून आलं, खरंच. मावशी माउस मुठीत धरून पिळते, अंगठा आणि तर्जनीच्या मधून गोळा निघावा तशी. तरी तासाभरात जमेल असं वाटत होतं, पण अर्ध्या तासात पडदा काळा झाला.

"झोपला," मावशी म्हणाली.

थोड्या वेळाने पुन्हा चालू झालं, पुन्हा बंद पडलं. पहिला दिवस आहे. होतं असं.

२ सप्टेंबर, सोमवार

बंद पडणं चालूच. माझा संशय कीलुंगच्या दमट हवेवर आहे. इथे भिंतीसुद्धा घामेजतात. कामावरून येताना हवा कोरडी करायचं यंत्र विकत घेतलं, संगणकाच्या शेजारी लावलं. फरक नाही. मावशीचे कपडे मात्र वाळायला लागलेत, ती खूश आहे.

एक चांगली गोष्ट म्हणजे पुडा टवटवीत दिसतोय. पहिल्या दिवशीपेक्षा गुबगुबीत झालाय. त्याच्याकडून काही कमी पडत नाहीये.

५ सप्टेंबर, गुरुवार

पिवळा कागद काढला. मावशी मासळी आणायला गेली तेव्हा हळूच सोलून पाकिटात ठेवला. कारण उरलं होतं ते एवढंच.

यंत्र तरी बंद पडलं. मावशी यायच्या आत कागद पुन्हा चिकटवला, तो जरा तिरका बसला. तिने जिना चढून आल्या आल्या टेबलाच्या पायाकडे पाहिलं आणि रात्रीच्या जेवणात मला माशाचं डोकं वाढलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

पेटी घेऊन शेनकडे गेलो. पुडा घरीच ठेवला, त्याची नेमणूक घरची आहे. शेनने यंत्र चालू केलं आणि आम्ही वाट बघत बसलो. दोन कप चहा झाला, डबा झाला, दुकानात गिऱ्हाइकं आली-गेली. यंत्र आपलं सुशील सुनेसारखं चालू. एकदा म्हणून बंद पडेना.

"फार तापलं की हे आपणहून बंद होतं," शेन म्हणाला. "घरी कुठे कोंदट जागी ठेवलंय का?"

"खिडकीपाशी."

"वर-खाली काही झाकलं जात नाही ना?"

"काही नाही," मी म्हटलं. जरा तुटकच म्हटलं. इतकी वर्षं यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाला हे विचारायचं असतं का?

घरी आणलं, जागेवर ठेवलं, पुडा वर ठेवला. अर्धा तास. काळं.

"त्या माणसाला घाबरतं ते," मावशी म्हणाली. "तुला नाही घाबरत."

१० सप्टेंबर, मंगळवार

आज सकाळी सराव होता. आमचे नऊ म्हणजे चिन-हुआकडे आदल्या संध्याकाळचे सहा. "तिकडे अजून कालच आहे," मावशी सगळ्यांना सांगत होती, जणू ही सोय तिनेच केली. मी रजा टाकली होती. दोन्ही काकू नातवंडांचे टॅब घेऊन आल्या आणि आपापल्या जुन्या जागी बसल्या. मधल्या टेबलावर एकही सोंगटी नाही, तरी दोघींनी सवयीने बाह्या सरसावल्या.

चिन-हुआ पडद्यावर आली. केस पांढरे झालेत. मुलाने शेजारी बसून सांगितलं, "आई, ही ग्योक-लान." ती मावशीकडे बघत राहिली, मग हळूच हसली. मावशीने पहिली सोंगटी टाकली. चिन-हुआने उचलली. चार डाव झाले असतील. तिचा हात जरा जलद व्हायला लागला होता, आणि आमचं यंत्र बंद पडलं.

मी खाली वाकून तारा हलवत होतो. लियाओ काकूंच्या टॅबवरून चिन-हुआचा आवाज येत होता.

"ग्योक-लान कुठे गेली? आत्ता होती. ग्योक-लान गेली का?"

मुलगा समजावत होता. ती रडायला लागली. 'गेली का' हे ती कुठल्या अर्थाने विचारतेय ते तिघींनाही कळलं, मलाही कळलं. मुलाने फोन करून सांगितलं की असं होणार असेल तर शुक्रवारचं राहू द्या, ती फार बिथरते. मावशीने त्याला कशीबशी एक संधी मागितली.

मैत्रिणी गेल्यावर मला वाटलं, आता माझी खरडपट्टी निघणार. मावशी फक्त म्हणाली, "तू तुझ्याकडून केलंस, आ-चिए." आणि चौथ्या खुर्चीवरची धूळ पुसत बसली.

मला स्वतःची लाज वाटते आहे. नवीन तयार संगणक घेतला असता तर ही वेळ आली नसती. सगळा माझा फुशारकीचा खेळ.

११ सप्टेंबर, बुधवार

कामावर सगळ्यांना विचारलं. पहिला प्रश्न प्रत्येकाचा एकच, "पुडा ठेवलायस ना?"

"ठेवलाय."

"हिरवा?"

"हिरवा."

"मुदत बघितलीस?"

बघितली होती, पुष्कळ बाकी आहे. मग आमच्या प्रमुखांनी डोकं खाजवलं आणि विचारलं, "केवढा पुडा?"

लहान! मी कपाळावर हात मारला. इतकं जुनं, डागडुजी केलेलं यंत्र, आणि त्याच्या डोक्यावर शाळेच्या डब्यातला पुडा! येताना दुकानातला सर्वांत मोठा, घरभर पुरेल असला हिरवा पुडा आणला. आता पेटीचं डोकं इकडच्या कडेपासून तिकडच्या कडेपर्यंत भरून गेलंय, जाळीचा एक दोरासुद्धा दिसत नाही. फार देखणं दिसतं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

आता पाव तासात बंद पडतंय.

काय करावं सुचत नाही. ओळखीतल्या कुणाचा संगणक मागून आणावा म्हटलं, तर सणाच्या सुट्टीला सगळे गावाला गेलेत. पुडा मात्र तट्ट फुगलाय. हात लावला तर कोमट लागला, ताज्या पावासारखा. तो बिचारा त्याच्या परीने झटतोय.

मावशीने संध्याकाळी पोमेलो फळ सोललं, मला सर्वांत गोड फोड दिली आणि म्हणाली, "उद्या पाव तास तर चालेल ना? पाव तास बोलेन तिच्याशी."

फोड गोड होती.

१३ सप्टेंबर, शुक्रवार, चंद्राचा सण

घडलं तसं लिहितो.

नऊ वाजता तिघी बसल्या. मावशीने ठेवणीतला जांभळा झगा घातला होता. चिन-हुआ पडद्यावर आली, पण आजचा दिवस तिचा बरा नव्हता. ती मुलाकडे वळून म्हणाली, "या बायका कोण? यांना काय हवंय?"

लियाओ काकूंनी टॅबमध्ये तोंड घातलं. टोफूवाल्या काकू डोळे पुसायला लागल्या. मावशीने सोंगटी टाकली. मुलाने आईचा हात माउसवर ठेवला. ती खेळली, पण दुसऱ्या कुणाचे हात हलवावेत तशी. पेटीतला पंखा मोहोळ उठल्यासारखा घोंघावत होता. दहा मिनिटं झाली. बारा झाली. मी पेटीवर ओणवा होऊन मनात म्हणत होतो, आणखी थोडं, शहाण्यासारखं वाग, आणखी थोडं.

आणि पुडा फुटला.

असा आवाज मी जन्मात ऐकला नाही. खाली नूडलवाला ओरडला. कुरकुरे छताला लागून सगळ्यांच्या डोक्यावर पडले. लियाओ काकू टेबलाखाली गेल्या. मी भिंतीला चिकटलो. सगळं संपलं असं वाटलं.

पडद्यावर चिन-हुआने मान वर केली. भुवया उडाल्या.

"परत स्टूल मोडलं का तिने?"

लियाओ काकूंनी टेबलाखालून टोफूवाल्या काकूंकडे पाहिलं.

"तरी मी सांगत होते, तिला लाकडी द्या म्हणून," चिन-हुआ म्हणाली. "लागलं का गं? आणि तू हसतेस काय ग्योक-लान, चाल तुझी आहे."

मावशी हसत नव्हती. पण मग हसायला लागली, आणि टोफूवाल्या काकू तर केसांत कुरकुरे घेऊन हसता हसता रडत होत्या. "लाकडी दिलंय गं, लाकडीच दिलंय!" त्या ओरडत होत्या.

त्यानंतर मी घड्याळ बघायचंच विसरलो. पाव तास गेला, अर्धा तास गेला, यंत्र चालूच. चिन-हुआ आपल्याच नातवाचं नाव विचारत होती, पण कुणी कुठली सोंगटी टाकली ते तिला विचारायची गरज नव्हती. एकदा मावशी काही डाव मांडत होती तर तिकडून आवाज आला, "गुणगुणायला लागलीस. पूर्वेचा वारा धरून बसलीयस."

मावशीने पटकन जीभ चावली. खरंच पूर्वेच्या वाऱ्याच्या दोन सोंगट्या धरून बसली होती.

चिन-हुआच्या मुलाने आईला झोपायची वेळ झाली म्हणेपर्यंत टेबल मोडलं नाही. तिघींनी मधल्या वेळात जमिनीवरचे, टेबलावरचे, एकमेकींच्या खांद्यावरचे कुरकुरे वेचून खाल्ले. मी नियम सांगितला. कुणी ऐकलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

सगळा प्रकार शांतपणे तपासला. निष्कर्ष स्पष्ट आहे. त्या यंत्रात जे काही वाईट भरलेलं होतं ते पुड्याने स्वतःत ओढून घेतलं आणि शेवटी प्राण दिले. त्या क्षणापासून यंत्र एकदाही बंद पडलेलं नाही. कामावर सांगितलं तर सगळे हातातलं काम टाकून आले. प्रमुखांनी मान हलवली आणि म्हणाले, "असा पुडा नशिबाने मिळतो."

नवा पुडा आणला, तर मावशीने तो पेटीवर ठेवू दिला नाही. "लांब ठेव, तिकडे खिडकीत. परत फुटला तर माझ्या छातीत धडकी भरेल." मी म्हटलं, लांबून परिणाम कमी होईल. पण नाही, आज दिवसभर मावशी खेळत होती आणि यंत्र गुण्यागोविंदाने चाललं. हा पुडाही चांगला निघाला म्हणायचा.

संध्याकाळी मावशी बाजारातून आली. पिशवीतून आणखी एक हिरवा पुडा काढून माझ्यापुढे ठेवला.

"आहे की आपल्याकडे," मी म्हटलं.

"हा व्हँकुवरला पाठवायचा. तिच्या मुलाला सांग, उशाशी ठेव म्हणावं."

मी तिच्याकडे बघत राहिलो. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुडा गुंडाळायला जुना टॉवेल शोधत होती.

"मावशी, हा यंत्रासाठी असतो."

"माहितीये मला. हिरवाच आणलाय. खायचा नाही हेही सांग त्याला, नातू हावरट आहे." टॉवेल सापडला. तिने पुडा हळूच त्यात ठेवला, बाळाला ठेवतात तसा, आणि मग उलटा करून डोळ्याजवळ नेला. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येईना. तिने तो माझ्या हातात दिला.

"मुदत किती आहे रे याची?"

"मार्चपर्यंत."

मावशीने बोटांवर महिने मोजले.

"मग मार्चच्या आधी दुसरा पाठवायचा," ती म्हणाली. "आणि तो संपायच्या आधी तिसरा. मी विसरेन, तू लिहून ठेव."

लिहून ठेवलं.